रिकाम्या लिफ्टची लाट

ड्राइव्हचं आउटपुट साध्या मीटरने मोजू नये, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली आहे. ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारी पेटी. तिच्यातून मोटरकडे जाणारं व्होल्टेज गुळगुळीत लाटेसारखं नसतं, तुकडे तुकडे करून सोडलेलं असतं. ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेची लाट काढून दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघितलं तर कुंपणाच्या पट्ट्या ठोकल्यासारखं दिसतं, काही पट्ट्या रुंद, काही अरुंद. साधा मीटर ते बघून गोंधळतो आणि मनाला येईल तो आकडा सांगतो. मग त्या आकड्यावर विसंबून कोणीतरी धडधाकट ड्राइव्ह भंगारात काढतो, नवा बसवतो आणि तक्रार होती तिथेच राहते.

ताईच्या बिल्डिंगमध्ये नेमकं हेच झालं होतं.

ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सातव्या मजल्यावर राहते. त्याच्या वर नुसती गच्ची. आई तिच्याकडेच असते. आईला कंपवात आहे, उजवा हात आणि उजवा पाय सतत थरथरतात. चहा तिला अर्धा कपच द्यायचा, नाहीतर बशीत जास्त आणि पोटात कमी जातो. दिवसभर ती एकाच गोष्टीची वाट बघत असते. ऊन कललं की ताईचा हात धरून लिफ्टने खाली जायचं आणि फाटकाजवळच्या बाकावर मैत्रिणीशी गप्पा मारत बसायचं. आणि आता ती लिफ्टच बिनसली होती. खाली येताना मध्येच गचका द्यायची, आणि सहा माणसांच्या लिफ्टमध्ये पाचवं माणूस चढलं की ओव्हरलोडचा भोंगा बोंबलायला लागायचा.

"नवीन ड्राइव्ह बसवला तरी तेच," ताई फोनवर म्हणाली. "तू ये आणि एकदाचं सांग, लिफ्ट भरवशाची आहे की नाही. नसेल तर मी आईला तिच्यात पाऊल टाकू देणार नाही. मग ती घरात बसेल, काय करणार."

आई घरात बसली की दोन महिन्यांत अंथरूण धरणार, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून मी माझा ऑसिलोस्कोप आणि करंट मोजायचा क्लॅम्प पिशवीत घालून सकाळीच तिथे हजर झाले.

मशीन रूम गच्चीवर होती. पत्र्याचं दार, आत ग्रीसचा आणि तापलेल्या धुळीचा वास, मध्यभागी मोटर, तिच्या चाकावरून खाली अंधारात उतरणारे पोलादी दोर. दारासमोरची एक फरशी सुटलेली होती, तिच्यावर पाय पडला की खडखड वाजायची. लिफ्टचा मेकॅनिक माझ्या आधीच येऊन बसला होता. बिल्डिंगमध्ये त्याला 'होऊन जाईल' म्हणायचे, कारण कोणत्याही प्रश्नाला त्याचं उत्तर तेच असायचं.

"जुन्या ड्राइव्हचं आउटपुट मीटरवर फारच कमी-जास्त दाखवत होतं मॅडम," तो म्हणाला.

"कुठल्या मीटरवर?"

त्याने खिशातून मीटर काढून दाखवला. मी मीटरकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मीटर परत खिशात गेला.

मी व्होल्टेज बघितलं. पट्ट्या जिथल्या तिथे, ड्राइव्ह उत्तम. मग मोटरच्या एका वायरवर करंटचा क्लॅम्प अडकवला. व्होल्टेज कितीही तुकड्यांचं असलं तरी करंटची लाट गुळगुळीत येते, आणि तिची उंची सांगते की मोटरवर भार किती आहे. लिफ्टच्या बाबतीत इथे एक गंमत असते. दोरांच्या एका टोकाला लिफ्ट आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन, म्हणजे काउंटरवेट. ते रिकाम्या लिफ्टपेक्षा जड ठेवलेलं असतं, आत अर्धी माणसं भरली की बरोबर तोलेल असं. त्यामुळे रिकामी लिफ्ट खाली आणायला मोटरला सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो आणि लाट उंच येते. माणसं चढत जातील तशी लाट बुटकी होत जाते. तीन माणसं झाली की पारडं समान, लाट जवळजवळ आडवी. लोकांना हे उलटं वाटतं, पण हिशोब साधा तराजूचा आहे.

मेकॅनिक तळमजल्यावर जाऊन उभा राहिला, ताई सातव्या मजल्यावर. फोन तिघांचेही चालू. ताईने आत डोकावून सांगितलं, "रिकामी आहे." मेकॅनिकने खालून बटण दाबलं. दोर सरकायला लागले.

लाट बुटकी होती. आत दोन माणसं असावीत इतकी.

"आत कोण आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही गं, आत्ता बघितलं की."

"रिकामीच आलीय मॅडम," मेकॅनिक खालून म्हणाला.

क्लॅम्पचं शून्य सरकलं असेल म्हणून मी ते परत लावलं. क्लॅम्प दुसऱ्या वायरवर टाकला, मग तिसऱ्या. लाट बुटकीच. मग मला वाटलं, काउंटरवेटमधली दोन-चार वजनं कोणीतरी विकून खाल्ली असतील. मेकॅनिकने लिफ्ट मध्ये थांबवून वजनं बघितली. सगळी होती, वरचा रंगसुद्धा उडालेला नव्हता. तसं नसेल तर लिफ्टमध्ये कोणी हौसेने जाड दगडी फरशी बसवली असेल, लोक असले उद्योग करतात. तिथे पातळ रबरी चटईशिवाय काही नव्हतं. शेवटी ताई एकटी आत चढली आणि खाली गेली. तिच्या एकटीच्या वजनाने लाट आडवी झाली. तीन माणसांनी व्हायला हवी ती गोष्ट एका ताईने केली.

"जाड झालीस गं तू," मी फोनवर म्हणाले.

"गप. तू तुझं काम कर."

ताई उतरली तशी लाट पुन्हा होती तेवढी झाली. म्हणजे माप चुकत नव्हतं. ताईचं वजन ताईबरोबर आलं आणि ताईबरोबर गेलं. फक्त रिकाम्या लिफ्टमध्ये दोन माणसांचं वजन होतं, आणि पाचव्या माणसाला वाजणारा भोंगा बिघडलेला नव्हता, तो बरोबर मोजत होता. हे लक्षात आलं तेव्हा मला अस्वस्थ वाटलं. पण काम करताना अस्वस्थ वाटलं की मी एक पायरी मागे जाऊन पुन्हा मोजते. त्याशिवाय मला दुसरं काही येत नाही.

तेवढ्यात दारात एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे राहिले. चौथ्या मजल्यावरचे कॅशियर काका. बँकेतून निवृत्त होऊन त्यांना जमाना झाला, पण नाव तेच राहिलं. काखेत वजनकाटा होता.

"तुम्ही इलेक्ट्रिकच्या ना? जरा हा बघता का. शून्याच्या पुढे हलतच नाही. मी उभा राहिलो तरी शून्य, आमच्या हिने उभं राहून बघितलं तरी शून्य."

मी काटा जमिनीवर ठेवून वर उभी राहिले. त्याने माझं वजन दाखवलं, माझ्या अपेक्षेपेक्षा थोडं जास्तच.

"चालतोय की काका."

"तुमच्यासाठी चालतो. माणूस बघून वागतो मेला. दवाखान्यातलाही असाच." ते हसले. "जाऊ दे. वजन कळून तरी काय करायचंय. गुडघे दुखायचे थांबलेत, हे काय कमी आहे. चारच मजले, तरी आम्ही लिफ्टशिवाय हलत नव्हतो, आता दोघंही जिन्यानेच चढ-उतार करतो."

सेल बदलून बघा, असं मी सांगितलं. ते काटा घेऊन गेले. मी पडद्याकडे वळले. खरं म्हणजे मी त्यांना काट्यावर उभं राहायला सांगायला हवं होतं. पण एखाद्याचं यंत्र माझ्यासमोर नीट चाललं की माझ्यापुरता प्रश्न संपतो, ही आमच्या धंद्यातली खोड आहे.

दुपारी आईने हट्ट धरला. सकाळपासून ताईची वर-खाली चाललेली ये-जा तिने दारात खुर्ची टाकून बघितली होती.

"सगळ्यांना मोजलंस, मला नाही मोजलंस," ती फोनवर म्हणाली. "मलाही मोज. कळू दे तरी, या देहाचं ओझं आहे तरी केवढं."

आईला आजवर कोणी एकटीला लिफ्टमध्ये सोडलेलं नव्हतं. ताई कुरकुरली. पण लिफ्टचे ब्रेक, दोर, सगळं मी डोळ्यांनी बघितलं होतं आणि यंत्रात दोष नव्हता. शिवाय मला एक माप हवं होतं. हलक्या माणसाचं, एकट्याचं. मी म्हणाले, "सोड तिला. खाली मेकॅनिक आहेच. बाकावर बसेल तोवर."

ताईने आईला आत उभं केलं, तिचा हात आतल्या दांडीवर ठेवला आणि बटण दाबून स्वतः बाहेर आली. दोर सरकले.

लाट आली आणि मला हसू आलं, डोळ्यांत पाणीही आलं. आई हलकी, त्यामुळे लाट अगदी आडवी नव्हती, जराशी उठलेली होती. आणि त्या लाटेच्या माथ्यावर बारीक, सतत, एका लयीत थरथर होती. आईच्या पायाची. पाय लिफ्टला हलवत होता, लिफ्ट दोरांना, दोर मोटरला, आणि मोटरचा करंट माझ्या पडद्यावर. चहाचा कप बशीवर वाजतो, तीच लय. माझ्या यंत्रावर मी माझ्या आईला ओळखलं.

चौथा मजला सोडल्यावर लाटेत एक खाच पडली. तोच तो गचका. मग पुन्हा लाट, पुन्हा थरथर, आणि लिफ्ट तळमजल्यावर थांबली.

"आजी उतरल्या," मेकॅनिक म्हणाला. "एकदम ओके. स्वतःच चालत बाकाकडे निघाल्या, हातसुद्धा धरू दिला नाही."

"बरं. आता रिकामी वर पाठव आणि खाली बोलाव. शेवटचं माप."

हीसुद्धा माझी नेहमीची पद्धत. सुरुवातीला रिकाम्याचं माप, शेवटीही रिकाम्याचं माप. दोन्ही जुळली तरच मधल्या सगळ्यांवर विश्वास ठेवायचा.

लिफ्ट वर आली. ताई म्हणाली, "रिकामी आहे गं." दोर खाली सरकायला लागले.

लाट जराशीच उठलेली. माथ्यावर थरथर.

मी पडदा गोठवला. आधीची लाट काढून तिच्यावर ठेवली. दोन्ही एकमेकींवर तंतोतंत बसल्या.

"आई आत आहे," मी म्हणाले.

"काहीतरीच काय," ताई म्हणाली.

"मॅडम, आजी माझ्यासमोर बाकावर बसल्यात," मेकॅनिक म्हणाला. "लिफ्ट आलीय, दार उघडलंय, आत कोणी नाही."

"पुन्हा पाठव."

पुन्हा तेच.

मी क्लॅम्प काढला आणि हवेत धरला. पडद्यावर सरळ रेघ, शून्य. परत वायरवर अडकवला आणि मेकॅनिकला लिफ्ट आणखी एकदा खाली बोलवायला लावली. थरथर. माझ्या हाताची असेल म्हणून मी हात सोडून भिंतीला टेकून उभी राहिले. थरथर चालूच होती.

मी बाहेर पळाले. सुटलेली फरशी पायाखाली खडखडली आणि मी जागच्या जागी थांबले. कॅशियर काका या फरशीवरून आले होते, याच फरशीवरून गेले होते. तेव्हा ती वाजली नव्हती.

काका आणि काकू. दोन माणसं.

सातव्या मजल्यावर येऊन मी लिफ्ट वर बोलावली. दार उघडलं. स्टीलच्या भिंती, आरसा, रबरी चटई, वर पांढरा दिवा. काही नाही. ताई माझ्या मागे उभी होती. "अगं, काय झालंय तुला? चेहरा बघ कसा झालाय."

मी पाय बाहेरच ठेवला आणि नुसता हात आत घालून दांडीला लावला.

दांडी थरथरत होती. जिथे आईचा हात ठेवला होता, त्याच जागी. पुढे हात सरकवला तर दांडी गार आणि स्थिर. मागे आणला तर थरथर. लहानपणी ताप आला की आई कपाळावर हात ठेवायची, तेव्हा तो हात थरथरत नव्हता. आता मला तो पक्का कळत होता, आणि मी माझा हात झटकन मागे घेतला. स्वतःच्या आईपासून हात ओढून घेतल्यासारखं वाटलं.

"ताई, तू आत जाऊ नकोस," मी म्हणाले.

मी जिन्याने खाली धावले. आई बाकावर बसली होती, मैत्रीण अजून यायची होती. मला बघून ती उठून उभी राहिली. कोणाचाही आधार न घेता.

"मोजून झालं?" तिने विचारलं.

मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो हात तिच्या बाजूला शांत लोंबत होता. किती वर्षांनी मी तो हात स्थिर बघत होते.

"बघ की," आई म्हणाली आणि हात माझ्यासमोर धरला. "लिफ्टमध्ये तो गचका बसला ना, तेव्हापासून थांबलाच. पायही. इतकं हलकं वाटतंय म्हणून सांगू. तुझ्या यंत्राचा गुण दिसतोय."

मी तो हात हातात घेतला. ऊबदार होता, कोरडा होता, तिचाच होता. पण माझ्या तळव्यावर त्याचा भार आला नाही.

"मॅडम, चमत्कारच म्हणायचा," मेकॅनिक म्हणाला. तो खरोखर खूष झाला होता. "आजी, चला, लिफ्टने वर सोडतो."

"नको," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की तो दोन पावलं मागे सरला. "ही लिफ्ट बंद. कोणी चढायचं नाही."

"कर बंद," आई म्हणाली. "मला कुठे लागते आता ती."

आणि ती जिन्याकडे वळली. मी तिच्या मागून निघाले. तिसऱ्या मजल्यावर मला धाप लागली. आई पुढे होती, लुगड्याच्या निऱ्या एका हाताने जराशा उचलून, लहान मुलीसारखी भराभर. कठड्याला तिने एकदाही हात लावला नाही. चौथ्या मजल्यावर कॅशियर काकांचं दार उघडं होतं. काका-काकू दारात उभे होते. त्यांनी आईकडे बघून मान डोलावली, आईनेही डोलावली. आई पुढे चढत राहिली, आणि सगळ्या जिन्यात फक्त माझ्या चपलांचा आवाज होता.

घरात ताईने आईचा हात बघितला आणि ती रडायलाच लागली. डॉक्टरांना फोन करते म्हणाली, भावजींना कळवते म्हणाली, आणि काहीच न करता आईच्या हातावरून आपला हात फिरवत राहिली. मी तिला काय सांगणार होते? आईची थरथर गेलेली नाही, ती कुठे आहे ते मला ठाऊक आहे, असं? मी खुर्चीत बसून राहिले.

मेकॅनिकचा फोन आला. "मॅडम, मेन बंद करू ना मग? आतला दिवा, पंखा, सगळंच जाईल."

लिफ्ट तेव्हा सातव्या मजल्यावर उभी होती, आमच्या दाराच्या पलीकडे. दिवा गेला तर आई तिथे, बंद दारांमागे, अंधारात, दांडीला धरून.

"मोटर बंद कर," मी म्हणाले. "आतला दिवा चालू ठेव."

"दिवा कशाला?"

"राहू दे म्हटलं ना."

ताईने चहा आणला. आई पलंगाच्या कडेला बसली होती. "आज भरून आणलास ना?" तिने विचारलं, आणि काठोकाठ भरलेला कप उजव्या हातात घेतला. ताई हसत होती, डोळे पुसत होती, तोंडाची टकळी चालू होती. सकाळपासून या गोंधळात घरातलं एक काम झालं नाही, जेवण उशिरा, ही चादरसुद्धा बदलायची राहिली, असं म्हणत तिने बोलता बोलताच चादरीचं टोक धरलं आणि रिकाम्या पलंगावरची ओढावी तशी ओढली.

चादर सरळ निघून आली. आई बसल्या जागी होती तशीच बसून होती, आणि तिच्या कपातल्या चहावर तरंगसुद्धा उठला नाही.